खो कुणाला मिळतो?

खो-खो कुणीच खेळलेला नाही असे मराठी घर शोधायला निघालात, तर पायपीटच व्हायची. आजीने परकर खोचून खेळलेला असतो, आईने शाळेच्या संमेलनात खेळलेला असतो, आणि वडिलांच्या गुडघ्यावर त्याची खूण अजून शाबूत असते. पण त्याच घरातला मुलगा उद्या म्हणाला की, “मी खो-खोवर पोट भरीन,” तर जेवणाऱ्यांचे घास हातातच राहतील. क्रिकेटवर पोट भरते, हे आपण मान्य केले आहे. कुस्तीला एके काळी संस्थानिकांचा खुराक होता. कबड्डीचा भाव अलीकडे वधारला. खो-खोच्या वाट्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या आली ती लिंबाची फोड, ग्लुकोजचे पाणी आणि कपाटात काळी पडणारी ढाल.

हे चित्र २०२२ च्या ऑगस्टात पालटले. निदान पालटल्यासारखे दिसले. पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ‘अल्टिमेट खो-खो’ नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली. चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू अशी नावे घेतलेले सहा संघ. मालकांत बडे उद्योगसमूह, आणि ओडिशाच्या बाबतीत तर खुद्द तिथले राज्य सरकार. रंगीत गणवेश, झगमगते दिवे, घरोघरच्या टीव्हीवर थेट सामने. ४ सप्टेंबरला झालेल्या अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू संघाला ४६–४५ असे एका गुणाने हरवले. तेव्हापासून आमच्या बारामतीत आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यात संध्याकाळच्या मैदानांवर एक नवा शब्द ऐकू येऊ लागला: ‘ड्राफ्ट’.

शब्द परका असला, तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. लहानपणी गल्लीत दोन म्होरके समोरासमोर उभे राहत आणि आळीपाळीने गडी वाटून घेत. “मला हा,” “मला तो.” ड्राफ्ट म्हणजे तेच, फक्त म्होरक्यांच्या जागी सहा संघांचे मालक व प्रशिक्षक बसतात. खेळाडूंच्या श्रेणी आधी लावलेल्या असतात, प्रत्येक श्रेणीचे मानधन ठरलेले असते, आणि संघ क्रमाने एकेक नाव उचलतात. वरच्या श्रेणीतल्या गड्याला काही लाख मिळतात, तळाच्या श्रेणीतल्याला लाखाच्या आसपास. कबड्डीत लिलाव चालतो. तिथे बोली चढते. २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेशकुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०१९ साली आपल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईसाठी तेलुगू संघाने १ कोटी ४५ लाख मोजले, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतचा आकडा अडीच कोटींच्या पुढे पोहोचला. खो-खोत असे काही नाही. इथे भाव कुणी चढवत नाही. फक्त नाव उचलले जाते, किंवा उचलले जात नाही.

गल्लीतल्या त्या वाटणीत शेवटपर्यंत कुणालाच नको असलेला एक मुलगा असे. तो कुठे बघत उभा राहायचा, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. माझे कुतूहल सुरू झाले ते त्याच्यापासून.

मी स्वतः खेळाडू नव्हे. बारामतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर ट्रॅकसूट घातलेली तीन-चार मुले-मुली असतात. वर्षाखेरीस ती हजेरीत सवलत मिळावी म्हणून अर्ज घेऊन येतात, आणि मी सही करण्यापूर्वी विचारतो, “इतके दिवस होता कुठे?” उत्तरात गावांची नावे येतात: परभणी, धाराशिव, हिंगोली. स्पर्धा जिथे, तिथे ही मुले. या अर्जांवर सह्या करून करून मी शेवटी त्यांच्या मागोमाग मैदानावर गेलो, आणि गेली दोन वर्षे माझ्या पुष्कळशा संध्याकाळी तिथेच गेल्या. त्यांत जे पाहिले-ऐकले, ते असे.

पळणारा मुलूख

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले. ऊस, साखर कारखाने, द्राक्षे, डाळिंबे. इंदापूरच्या पूर्वेला उजनीचा फुगवटा आणि दक्षिणेला नीरा नदी. वाचकांना या मुलखाची ओळख बहुधा दोन गोष्टींसाठी असते. एक राजकारणासाठी, तो विषय आज नको. आणि दुसरी वारीसाठी. तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. अश्व धावतो, झेंडेकरी धावतात, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया धावतात. ज्या मुलाने वयाच्या पाचव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून रिंगण पाहिले, त्याला मंडलाकार धावण्यातली मौज कुणी वेगळी शिकवावी लागत नाही.

सराटीला पालखी नीरा ओलांडते आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजला शिरते. तिथून वेळापूर जवळच. हे वेळापूर खो-खोवाल्यांचे एक तीर्थच म्हणावे लागेल. तिथला रामजी कश्यप हा विशीतला खेळाडू लीगमध्ये चेन्नईकडून खेळला, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या विजयी संघात होता. नदीच्या अलीकडच्या मुलांना त्याचे मोठे अप्रूप वाटते. मुंबईचा खेळाडू मोठा झाला, तर तो मुंबईचा म्हणून मोठा झाला असे समजता येते; पण एस.टी.च्या दोन-तीन तिकिटांच्या अंतरावरचा मुलगा मोठा झाला, की मग घरच्या घरी सांगायला सबब उरत नाही.

शिडीच्या पायऱ्या

आता हा मुलगा लीगपर्यंत पोहोचतो कसा, ते पाहू. लीग खेळाडू घडवत नाही, घडलेला उचलते. घडण्याची जागा निराळी आहे, आणि ती फार जुनी आहे.

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम प्रथम बांधले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९–६० मध्ये विजयवाड्याला झाली. त्यानंतर वयाप्रमाणे गट पडत गेले. आज चौदाच्या आतली मुले किशोर-किशोरी गटात, अठराच्या आतली कुमार गटात आणि त्यापुढची खुल्या गटात खेळतात. प्रत्येक गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार मिळतो, त्याचे नाव मराठीच्या माझ्यासारख्या मास्तराला विशेष भावते. किशोरांना ‘भरत’, किशोरींना ‘इला’. कुमारांना ‘वीर अभिमन्यू’, मुलींना ‘जानकी’. आणि खुल्या गटात ‘एकलव्य’ व ‘राणी लक्ष्मीबाई’. पळणाऱ्या पोराला अभिमन्यूचे नाव देणाऱ्याने फार अचूक नाव दिले. कोंडीत सापडलेला तो, चहूबाजूंनी बसलेले आठ जण, आणि घड्याळ चाललेले!

या शिडीला दोन बाजू आहेत. एक शाळेची: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. दुसरी संघटनेची: जिल्ह्याची निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद स्पर्धा, तिथून निवडलेल्यांचे शिबिर आणि शेवटी महाराष्ट्राचा संघ. महाराष्ट्राच्या संघात शिरणे हे कित्येकदा राष्ट्रीय स्पर्धा जिंकण्यापेक्षा अवघड जाते, कारण दर जिल्ह्याची उत्तम मुले बारा-पंधरा जागांसाठी झुंजत असतात. पुणे जिल्ह्याच्या चाचणीला इंदापूरचा मुलगा पहाटेच्या एस.टी.ने येतो, तेव्हा त्याच्यासमोर पुण्याच्या पेठांतली, पिढीजात संघांची मुले उभी असतात. त्यांच्याकडे मॅट असते, बूट असतात, प्रशिक्षक असतात. याच्याकडे पाय असतात.

ही मुले प्रसिद्ध कशी होतात, हेही सांगण्यासारखे आहे. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर अगदी तळाशी, बारीक टाइपात खो-खोची बातमी येते. तिच्यात प्रत्येक नावापुढे कंस असतो, आणि कंसात लिहिलेले असते: २.१० मि. संरक्षण व ३ गडी. म्हणजे हा मुलगा दोन मिनिटे दहा सेकंद पळाला आणि त्याने समोरचे तिघे बाद केले. पहाटे पाचला उठून काढलेली सहा-सात वर्षे त्या एका कंसात मावतात. मुले ही कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात. लीगच्या निवडणाऱ्यांचा पहिला आधारही तोच: राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतली कामगिरी. मोठ्या लीगचे दार त्या बारीक टाइपातल्या कंसातून उघडते.

दोन मिनिटांची घडण

इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेचे मैदान मी पुष्कळदा पाहिले. कालव्याच्या कडेला, बाभळीच्या दोन झाडांमध्ये. तिथले क्रीडाशिक्षक निवृत्तीला आलेले आहेत. मुले त्यांना ‘सर’ न म्हणता ‘गुरुजी’ म्हणतात. शाळा सुटल्यावरच्या या दोन तासांचा पगार त्यांना कुणी देत नाही.

पहिली दोन वर्षे गुरुजी मुलाला पळवतच नाहीत. बसवतात! पाटीत कसे बसावे, टाच कुठे, हाताची बोटे जमिनीला कशी टेकलेली, आणि खो मिळताच पहिले पाऊल कोणत्या बाजूला. “बसायला आलं, की उठायला येतं,” हे त्यांचे सूत्र. मग साखळी. एकेरी साखळीत पळणारा दर गड्याला वळसा घालून नागमोडी जातो; दुहेरीत दोन-दोन गडी सोडून. मग खांबाजवळचा खेळ: खांबाला हात घालून शरीर झोकायचे आणि पळणाऱ्याच्या पाठीला बोट लावायचे. शेवटी सूर. ढेकळे वेचून काढलेल्या मातीवर दहा-बारा वर्षांचे पोर छातीवर झेपावते, तेव्हा बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो.

आणि याहून अवघड एक गोष्ट असते, ती शिकवून येत नाही. अंगी मुरावी लागते. पळणाऱ्याने मागच्याकडे पाहायचे नसते. बसलेल्यांच्या खांद्यांकडे पाहायचे. खो कुणाला मिळणार हे खांदा आधी सांगतो. “चौदाव्या वर्षी ज्याला खांदा वाचता आला,” गुरुजी मला म्हणाले, “तो पोरगा पुढं जाणार. बाकीचे नुसते पळणार.”

मी हिशेब विचारला. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून सहा-सातशे मुले गेली असतील. त्यांतली राज्य स्पर्धेत खेळली ती चाळीसेक. राष्ट्रीय खेळली ती चार. लीगमध्ये कुणी नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खंत दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तसे काही दिसले नाही. पोलिसांत, सैन्यात, रेल्वेत लागलेल्या मुलांची नावे मात्र ते बोटांवर मोजत राहिले, आणि बोटे पुरली नाहीत.

नव्या खेळाचे नवे नियम

लीगने खेळ चटपटीत केला. आपल्या परंपरेच्या खेळात नऊ-नऊ गडी, नऊ-नऊ मिनिटांचे डाव, आणि आठ जण बसलेले. लीगमध्ये सात-सात गडी, सात मिनिटांची पाळी, मैदानही आखूड. परंपरेत गडी बाद झाला की एक गुण. लीगमध्ये नुसत्या स्पर्शाने बाद केले तर दोन, आणि सूर मारून किंवा खांबावरून झेपावून टिपले तर तीन. तिघांच्या तुकडीने ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक तग धरला, तर पळणाऱ्यांनाही गुण मिळतात. त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. आणि सगळ्यांत मोठा बदल म्हणजे ‘वजीर’. आपल्या खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली, की उलट फिरायचे नाही. वजिराला ते बंधन नाही. बुद्धिबळातल्या वजिरासारखा तो हवा तसा फिरतो.

जाणत्या मंडळींनी यावर नाके मुरडली. मला त्यात पडायचे नाही. पण मुलांच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मातीवर वाढलेल्या मुलाला मॅटवर सगळे नव्याने शिकावे लागते. मातीवर पाय थोडा सरकतो. मॅटवर जिथल्या तिथे धरला जातो, आणि वळताना तो झटका थेट गुडघ्यात जातो. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी, कुमार गटात राज्य खेळलेला, एका चाचणीत मॅटवर असाच वळला आणि त्याच्या गुडघ्यातला बंध तुटला. शस्त्रक्रियेचे पैसे घरच्या उसाच्या बिलातून गेले. आता तो तृतीय वर्षाला आहे. चालतो व्यवस्थित, पळत नाही. त्याच्या गावात मॅट असती, तर कदाचित हे टळले असते. मॅट लाखांच्या घरात जाते, आणि शाळेच्या खेळांच्या खर्चात वर्षाला चार फुटबॉल आणि एक पंप बसतो.

कॅनडातली वारावरची जेवणे

कोवळ्या वयाच्या मुलांना व्यवसायाच्या खेळासाठी तयार करावे, आणि त्यातली थोडीच पुढे जावीत, हा पेच आपल्याआधी दुसऱ्यांनाही पडला आहे. त्यात कॅनडाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांसाठी तिथे तीन मोठ्या कुमार लीग आहेत. एक ऑन्टारिओ प्रांताची, एक क्विबेकची, एक पश्चिमेची. मिळून साठेक संघ. राष्ट्रीय हॉकी लीग नावाची बड्यांची लीग १९६३ पासून दरवर्षी ड्राफ्ट भरवते. आज बत्तीस संघ सात फेऱ्यांत सव्वादोनशेच्या आसपास नावे उचलतात. उचललेला प्रत्येक जण बड्यांच्या लीगमध्ये खेळतोच असेही नाही. पुष्कळांचे नाव यादीतच राहते.

सोळा वर्षांचा मुलगा घरापासून शेकडो मैलांवर खेळायला जातो, तेव्हा राहतो कुठे? त्या गावातले एखादे कुटुंब त्याला आपल्या घरी ठेवून घेते. तिथेच जेवण, तिथेच अभ्यास, उशिरा आला तर तिथल्याच बाईंची बोलणी. हे वाचले आणि मला आपल्याकडचे वार लावून जेवणारे विद्यार्थी आठवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पुण्यात शिकून मोठी झालेली किती तरी माणसे अशा परक्या ताटांवर वाढली. म्हणजे ही कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त आपण ती विद्येसाठी वापरली, खेळासाठी नाही.

परंतु त्यांची खरी शहाणी गोष्ट दुसरीच आहे. या कुमार लीगमध्ये मुलगा जितके हंगाम खेळेल, तितक्या वर्षांची त्याची पुढच्या शिक्षणाची फी देण्याची व्यवस्था आहे. ड्राफ्टमध्ये नाव आले नाही, तर त्याने महाविद्यालयात जावे. म्हणजे खेळात घातलेली वर्षे अगदीच पाण्यात जात नाहीत. तिथेही तक्रारी आहेत, रागलोभ आहेत, पण मुलाच्या हातात काही तरी ठेवावे लागते, एवढे तरी त्यांनी कबूल केले.

बापाचा प्रश्न

आता पुन्हा कालव्याकाठी येऊ. एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला एक शेतकरी सायकल टेकवून उभे होते. त्यांचा मुलगा कुमार गटात खेळतो, आणि सध्या तालुक्यात त्याचे नाव आहे. मी प्राध्यापक आहे हे कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले.

“सर, पोरगं दिसभर पळतंय. पळून पळून जाणार कुठं?”

मी म्हणालो, “अण्णा, चांगला खेळतो. लीगमध्येही नाव लागेल कदाचित.”

“कदाचित न्हवं. शंभरात किती जणांचं लागतं, ते सांगा.”

ऊस लावण्यापूर्वी माणूस जसा पाण्याचा, खताचा आणि भावाचा हिशेब मांडतो, तसाच तो प्रश्न होता, आणि त्याला गुळमुळीत उत्तर चालणार नव्हते. म्हणून तेव्हा त्यांना दिले ते उत्तर इथेही देतो. सहा संघ, प्रत्येकी वीस-पंचवीस गडी. म्हणजे सगळ्या देशातून एका हंगामाला दीडशेच्या आसपास जागा. त्यांतल्या बहुतेक खुल्या गटात मुरलेल्यांच्या. दुसऱ्या हंगामात सोळा ते अठरा वयाची काही मुलेही संघांत आली, ही गोष्ट मात्र खरोखर चांगली झाली. कुमार गटाच्या शिडीला वरून थेट एक दोर सुटला. पण पहिला हंगाम २०२२ च्या सप्टेंबरात संपला आणि दुसरा कटकला सुरू झाला तो २०२३ च्या २४ डिसेंबरला. मध्ये सव्वा वर्ष गेले. पळणाऱ्याचे पाय घड्याळ लावून आलेले असतात. तिशीच्या आसपास ते उतरतात. ज्याला दहा-बारा वर्षेच पळायचे आहे, त्याच्या दृष्टीने सव्वा वर्ष म्हणजे काही थोडा काळ नव्हे.

तेव्हा लीगचे मानधन म्हणजे बोनस समजावा. पगार समजू नये. पगार अजूनही जुन्याच ठिकाणी आहे. सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण यांचे खो-खो संघ आहेत. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या मुलांना दरमहा दहा हजारांचा भत्ता मिळतो. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पण या प्रत्येक दारावर एक पाटी आहे: प्रमाणपत्र आणि शिक्षण. पदवी नसलेल्या खेळाडूला राखीव जागेतही खालचीच पायरी मिळते. “म्हणून अण्णा,” मी म्हणालो, “त्याला पळू द्या. पण माझ्या वर्गात बसूनही राहू द्या.”

ते हसले. “म्हंजे दोन्हीकडनं पळायचं म्हणा की!”

आणि मुली?

आतापर्यंत मी ‘मुलगा’, ‘मुलगा’ असेच लिहीत आलो, हे चाणाक्ष वाचक भगिनींच्या ध्यानात आले असेल. त्याला कारण आहे. लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत मुलींचा एकही संघ नव्हता.

ज्या खेळात महाराष्ट्राच्या मुलींनी राष्ट्रीय अजिंक्यपदे जणू वहिवाटीने आणली, त्या खेळाची ही अवस्था आहे. दिल्लीच्या विश्वचषकात भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. पुरुषांनीही नेपाळलाच हरवले, ५४–३६ असे. म्हणजे बायकांचा विजय अधिक घसघशीत! दोन्ही संघांचे कर्णधार आपल्याच जिल्ह्यातले: पुरुषांचा पुण्याचा प्रतीक वाईकर आणि महिलांची पिंपरी-चिंचवडची प्रियांका इंगळे. किशोरी गटात ‘इला’ आणि पुढे ‘राणी लक्ष्मीबाई’ असे पुरस्कार मिळवीत ती त्याच शिडीने वर आली. शिडी दोघांना एकच. पण प्रतीक वाईकर लीगमध्ये तेलुगू संघाचा कर्णधार झाला, आणि प्रियांकाच्या शिडीला वर माळाच नव्हता.

बारामतीच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव चालतो. त्यांतली एक, नववीतली, माझ्या पाहण्यातली सर्वांत चपळ पोर आहे. खांदे वाचते. वडील कारखान्यावर हंगामी कामगार, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. मी तिला विचारले, “पुढे काय करणार?” तिने क्षणभरही न थांबता सांगितले, “पोलीस.” ‘लीग’ हा शब्द तिच्या तोंडून आलाच नाही. तिच्या बरोबरीची मुले ड्राफ्टच्या गोष्टी करतात तेव्हा ती बुटांच्या नाड्या बांधत बसते. तिचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, शहाणपणाचे आहे. आणि तरीही नववीतल्या पोरीच्या मनात स्वप्नाला जागाच नसावी, याने मला त्या दिवशी बेचैन केले.

मला वाटते, लीगकडून मागायचे ते यापुढे मागावे. ती टिको, वाढो. तिच्यावर कुणाचा राग नाही. पण पिकलेले फळ नेणाऱ्याने झाडाच्या मुळाशी दोन घागरी पाणी घालावे. निवडलेल्या प्रत्येक मुलामागे त्याच्या पहिल्या मैदानाला काही रक्कम मिळावी. निदान तालुक्याला एक मॅट यावी. कॅनडातल्यासारखी खेळलेल्या हंगामाइतकी शिक्षणाची फी मिळावी. आणि मुलींची लीग दरवर्षी, ठरल्या वेळी भरावी. सुखवस्तू वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या गावात राज्य स्पर्धा भरते, तेव्हा बाहेरगावची मुले शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपतात. एक दिवस त्यांतली चार आपल्या घरी जेवायला बोलवा. वार लावण्याची रीत आपलीच आहे.

खो-खोचा एक नियम आहे. पाटीत बसलेला गडी कितीही तयारीचा असो, पाय कितीही शिवशिवोत, मागून कुणी पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटल्याशिवाय त्याला उठता येत नाही. उठला तर ती चूक धरतात. बारामती-इंदापूरच्या मैदानांवर आज शेकडो मुले-मुली अशी टाच उचलून बसलेली आहेत. गुरुजींनी त्यांना बसायला शिकवले आहे, आणि फार चांगले शिकवले आहे.